मिठाआधीचा वाटा

“मीठ घालायच्या आधी त्याचं काढून ठेव गं. एकदा पडलं की देवालाही वेचून काढता येत नाही.”

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण मोठं पातेलं गॅसवर चढलं की वहिनींच्या कानात हे शब्द आपोआप उमटायचे. सगळं घर त्यांना वहिनीच म्हणायचं, चिडला की नवरासुद्धा. धाकट्या दिराची मूत्रपिंडं लहानपणापासून नाजूक, त्याला मीठ चालत नसे. म्हणून या घरात भाजी शिजत आली की आधी त्याचा वाटा छोट्या पातेल्यात निघायचा, मग मोठ्यात मीठ पडायचं. दवाखान्यात सासूबाईंनी हात धरून विचारलं होतं, “मी नसले तरी सणाला काढशील ना त्याचं?” वहिनी हो म्हणाल्या होत्या.

सासूबाई गेल्या त्या दिवशी धाकटा वेळेत पोचला नाही. तो स्वतःच दुसऱ्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता. थोरल्याला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, हे ठाऊक होतं, तरी त्याने सांगून टाकलं, “माझ्या दारात त्याने पाय ठेवायचा नाही.” तेव्हापासून त्याचं नावही कुणी काढेना.

दुखवट्यामुळे वर्षभर सण झाले नव्हते, आज त्यानंतरचा पहिला सण. सगळ्यांना वाढून झालं की डबा घेऊन गुपचूप दोन गल्ल्या पलीकडे त्याच्या घरी जाऊन यायचं, असा वहिनींचा बेत होता. छोटं पातेलं घासून खिडकीत पालथं घातलेलं होतं.

“दादाने ते पाहिलं तर जेवण राहील बाजूला,” गाजरं चिरता चिरता नणंद म्हणाली.

“त्यांना कधी स्वतःचा चष्मा दिसलाय? पातेलं काय दिसणार?”

दोघी हसल्या, आणि तेवढ्यात थोरला दारात आला. हातात फोन.

“त्याचा होता. येऊ का म्हणे.”

नणंदेची सुरी थांबली. “मग?”

“मग काय. म्हटलं, तुझं ताट मांडलेलं नाही इथे.” तो वळला आणि बाहेर जाऊन बसला.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून वहिनींनी मिठाची बरणी उघडली, चमचा भरला, पातेल्यात टाकला, नीट ढवळलं. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

“वहिनी,” नणंद पुटपुटली, “आधी काढलंत ना?”

वहिनींनी मान हलवली. नाही.

“पाणी वाढवा. बटाटा टाका, तो ओढून घेतो मीठ.”

“थोडं ओढेल. बाकीचं भाऊजींच्या अंगात जाईल.”

बाहेर खुर्च्या सरकल्या. नणंदेच्या नवऱ्याने टेबलावर चमचा वाजवून म्हटलं, “वासावरच पोट भरवणार आहात का?” वहिनींनी उद्यासाठी ठेवलेला अर्धा कोबी बाहेर काढला. उरलेली दोन गाजरं, एक कांदा. भराभर चिरलं. छोटं पातेलं उलटं होतं ते सुलटं झालं आणि दुसऱ्या शेगडीवर चढलं.

नणंदेने मोठं पातेलं टेबलावर नेलं. पाठोपाठ थोरला आत आला.

“सगळं बाहेर गेलं. आता हे काय शिजतंय?”

वहिनी ढवळत राहिल्या, तेव्हा त्याने चमचाभर रस्सा घेऊन फुंकला आणि चाखला. तोंडात तो नुसता धरून ठेवला. लहानपणी भावाशी पैज लावून हाच अळणी रस्सा तो वाटी वाटी प्यायचा.

“कुणासाठी?” ठाऊक असूनही त्याने विचारलं.

“भाऊजींसाठी. आईंना शब्द दिलाय.”

“आणि माझा शब्द?”

“तुम्ही त्यांना या दारात यायचं नाही म्हणालात. मी या दारातून जायचं नाही, असं म्हणाला नव्हतात.” आवाज नेहमीसारखाच हळू होता.

नणंद दाराशी येऊन उभी राहिली. थोरल्याने चमचा ओट्यावर ठेवला.

“म्हणजे आम्ही जेवायचं, की थांबायचं?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा.”

भाजी शिजली. वहिनींनी ती डब्यात ओतली, झाकण दाबून बसवलं, तळाशी फडकं धरलं. टेबलाजवळून जाताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. थोरला खुर्चीत बसला होता. समोर वाफाळतं ताट, हात मांडीवर.

चपला घालून त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि डबा सावरत जिना उतरायला लागल्या.