ज्या पुस्तकावर मी बसलो नाही

मी तारखेचा शिक्का बोलून राह्यलो. शिक्षण म्हणाल तर एकतीसपर्यंत आकडे अन् बारा महिने. तेवढ्यावर मी भल्याभल्यांची फिरकी घेतली. एका साहेबाच्या पांढऱ्या बाहीवर तर अख्खा मार्च उमटवला.

जऊळक्याजवळच्या एका सोयाबीन कंपनीच्या ग्रंथालयात, वैजयंतीताईंच्या टेबलावर माझा मुक्काम. पुस्तक घरी नेलं की मी मागच्या चिठ्ठीवर बसायचो. साहेब लोक जाडजूड पुस्तकं न्यायचे अन् न उघडता परत आणायचे. मी आपला गालात हसायचो.

गोदामावरचा लखीराम मात्र पुस्तक कधी न्यायचा नाही. किडीच्या विषारी गोळ्या टाकून गोदाम बंद करायचं, हे त्याचं काम. गोळ्यांचा विषारी वायू विरायला थंडी-उन्हाप्रमाणे कमीजास्त दिवस लागायचे, तसे बंद ठेवायचे दिवस बदलायचे, म्हणून दर खेपेला हात पुसत दारात उभा.

"ताई, थे गोळ्याइचं पान काढा बरं."

"घरीच ने ना पुस्तक."

"घरी कोन वाचते? घरवाली नानीबाई त्याच्यावर पापड वाळवते. तुमीच सांगा."

ताई दिवस सांगायच्या. तो बोटांवर धरून जायचा.

मग ग्रंथालयाचा उपयोग किती, ते मोजायला पुण्याहून राजपालसाहेब आले. तीन वर्षांत शिक्का नाही ते पुस्तक निकामी, असा त्यांचा कायदा. माझ्या खुणा मोजायला पुण्याचा माणूस! मी असा फुगलो की विचारू नका. ताई सांगत होत्या, लोक उभ्या उभ्या विचारून जातात. साहेबांनी नोंद मागितली. दोन मिनिटांच्या विचारण्याची नोंद ताईंनी कधी ठेवलीच नव्हती.

गोळ्यांचं पुस्तक रद्दीत गेलं. पुढच्या महिन्यात ग्रंथालयाला कुलूप लागलं, ताई मेडशीला आपल्या घरी गेल्या अन् मी गेटवर, मजुरांच्या पासांवर बसायला.

पौषात कडाक्याची थंडी पडली. लखीराम कुलूप पाहून गेटवर आला. तिथल्या गोविंदाला म्हणाला, "मागच्या खेपेले पाच दिवस होते. तेवढेच धरतो."

मागची खेप वैशाखातली होती.

सहाव्या दिवशी त्याचा मेहुणा धनराज पोती काढायला आला. सवयीनं त्याच्या पासवर मी मुद्दाम तिरपा बसलो; तो हसलाही. दुपारी त्याला चादरीत घालून बाहेर आणलं.

आता लखीराम कामावर येत नाही. गेटच्या बाहेर बसतो अन् गोविंदाला एकच विचारतो, "ताईनं थंडीचे किती दिवस सांगतले असते?"

गोविंदाला माहीत नाही. मी तर दर खेपेला टेबलावरच होतो, सगळं ऐकत होतो. पण लक्ष कुठं होतं? माझं चित्त साहेबांच्या बाह्यांवर.

मोजायला येणाऱ्या साहेबहो, माझ्या खुणा खुशाल मोजा. पण मोजून झालं की दारात हात पुसत उभा असलेल्या माणसाला आत बोलवा अन् विचारा, बाबा, तू कायले आला?