दीड हात पांढरी

मोताळ्यात विठ्ठल मंदिराच्या आवाराला लागून उत्तमरावांचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर होतं. स्वतः ते पलीकडच्या गल्लीत राहत आणि हे घर भाड्यानं देत. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती. पंचायत समितीच्या नव्या कचेरीतले कारकून रमाकांत, बायको प्रेमला आणि तान्ह्या लेकीसह त्या घरात राहत होते.

घर भाड्यानं गेलं तरी धाब्याचा मान उत्तमरावांनी आपल्याकडेच ठेवला होता. माघातल्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला, गावच्या बायका बाजूच्या दगडी जिन्यानं चढून त्या धाब्यावर बसत. खाली आवारात पुरुषांची दाटी असे. वरून बुवांचे हातवारेसुद्धा दिसत. "उत्तमरावाच्या धाब्यावरून आयकलं," असं बायका माहेरी जाऊन सांगत, आणि ते कानावर आलं की उत्तमरावांना दोन घास जास्त जात.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी काकड्याहून परतताना रमाकांतनं त्यांना दारात गाठलं.

"जरा आत येता? मधली तुळई बघा."

तुळई वाकली होती. भिंतीत जिथं ती टेकली होती तिथं बोट जाईल एवढी फट पडली होती. चुलीजवळच्या परातीत बारीक माती सांडली होती.

"लाकूड हाय, थोडं वाकनच," उत्तमराव म्हणाले. "माह्या बापानं घातलेलं सागवान हाय ते."

"उद्या वर साठ-सत्तर बायका बसतील. खाली आमची मुलगी निजते. घर धडधाकट ठेवणं मालकाचं काम आहे, कायदाही तेच सांगतो."

"कायदा मले नका शिकवू, साहेब. बाप गेल्यापासून एक वरीस चुकलो नाही. दर मिरगाच्या आंधी पांढरी माती आणतो अन् धाब्यावर चोपून घेतो. पावसाळ्यात एक थेंब तरी पडला का तुमच्या आंगावर?"

"नाही पडला," रमाकांतनं कबूल केलं.

"मंग? कीर्तनाच्या बायका काऊन खुपून राह्यल्या तुमाले?"

आतून प्रेमला म्हणाली, "खुपत नाहीत हो. मी पण त्यांच्यातच बसणार होते."

उत्तमरावांनी तडक कडूबा सुताराला बोलावून आणलं. "या साहेबाच्या मनातलं भ्याव काढ," म्हणाले.

कडूबा धाब्यावर गेला. त्यानं पहारीनं एक भोक पाडलं आणि त्यात हात घातला. कोपर आत गेलं, दंडही अर्धा गेला, तेव्हा कुठं बोटांना खालच्या तुराट्या लागल्या.

"दीड हात, मालक. बांधलं तवा वितभर असन. दरसाल नवी टाकली, जुनी कधी काढली?"

"काढाची काऊन? गळत तर नाही."

"गळत नाही. पन वझं कोनं पेलावं?"

उत्तमरावांनी स्वतः हात घालून पाहिला. एकवीस पावसाळ्यांची माती होती ती. पुष्कळशी त्यांनीच सेवा म्हणून डोक्यावरून वाहिली होती.

"उद्याचा एक दिवस निभन का?"

"निभनही. पन माह्या बायकोले मी वर बसू देनार नाही."

उत्तमरावांनी ते भोक मातीनं बुजवलं. मग खाली येऊन रमाकांतला म्हणाले, "बिऱ्हाड आजच माह्या घरी हलवा. दोन खोल्या रिकाम्या हायेत."

दुसऱ्या दिवशी ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवे पाय करून बसले. बायकांच्या पुढं त्यांचीच मंडळी, वच्छलाबाई.

"सरका की! टाळ वाजून राह्यले."

मागून सिंधूताई म्हणाल्या, "या साली धाब्यावर बसाचं भाडं घेता का काय, भाऊजी?"

बायका हसल्या. सोवळ्याचं किंवा शकुनाचं काही सांगून वेळ मारून नेता आली असती. ते त्यांच्या ओठांवरही आलं होतं. पण समोरच बुवा वीणेकऱ्याच्या पाया पडत होते.

"धाबं पक्कं नाही," उत्तमराव म्हणाले. "मीच माती टाकून टाकून जड केलं. चूक माह्यी हाय."

कुणी हसलं नाही. ते उठून पुरुषांच्या सतरंजीपाशी गेले आणि हात जोडले. "मांगं सरका, बापहो. बायकाईले जागा द्या."

"आता बायकाईच्या मांगं बसावं का आम्ही?" भगवानराव फुरंगटले.

बुवांनी चिपळ्या खाली केल्या. "बसा हो. मागं बसलं म्हणून काही अभंग अर्धाच ऐकू येत नाही."

कुरकुरत का होईना, पुरुष सरकले. बायका पुढं बसल्या. उत्तमराव मात्र जिन्यावर परत आले, कारण परगावच्या बायका अजून येतच होत्या. तिथून बुवा दिसत नव्हते. नुसता हशा ऐकू येई, मग गजर.

माती उतरवायला चार दिवस लागले. कडूबानं तुळई बदलली, दोन नवे खांब दिले, वर वितभरच माती ठेवली. रमाकांतचं बिऱ्हाड परत गेलं.

पुढच्या माघात काल्याच्या दिवशी सकाळीच उत्तमरावांनी जिना झाडून घेतला. बायका आल्या तसे ते पुढं झाले.

"चढा वर. कडूबा म्हनतो, आता शंभर बसल्या तरी काही होत नाही."

वच्छलाबाईंनी जिन्याकडं पाहिलं, मग सतरंजीकडं. "राहू द्या. आता कोन चढते? समोरून बुवाचं तोंड दिसते."

आणि त्या जाऊन पहिल्या रांगेत, प्रेमलाच्या शेजारी बसल्या.

धाबं रिकामंच राहिलं. उत्तमरावांनी ते कीर्तन भगवानरावांच्या पटक्याआडून, मान वाकडी करून ऐकलं. बुवा मात्र त्या दिवशी फार रंगले होते.