उजव्या हाताची दारं

दारं-खिडक्यांच्या त्या कारखान्यात ताईला हेड मिस्त्री करून महिनाही झाला नव्हता, तोवर तिची 'मॅडम' झाली होती. ती आत आली की रंध्यांचा आवाज वाढायचा आणि हसण्याचा बंद व्हायचा. पॉलिशवालीची जीभ एरवी तिच्या ब्रशपेक्षा जोरात चालायची, पण आता तीही शहाण्या मुलीसारखी मान खाली घालून बसायची. ताईला हे फार लागायचं.

"अरे, मी तीच आहे ना?" ती घरी नवऱ्याला विचारायची.

"असशील," तो भाजी चिरता चिरता म्हणायचा. "पण आता तू रजा नाकारू शकतेस."

आधीचे हेड मिस्त्री म्हणजे एक प्रस्थच होतं. उभ्या नोकरीत आपली एकही चूक झाली नाही, असं ते सांगायचे, आणि सांगणारे ते एकटेच होते. काहीही बिघडलं की संध्याकाळच्या आत त्याचं खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटायचं, आणि ते डोकं कधी त्यांचं नसायचं. साहजिकच जो तो आपली चूक भुशाखाली ढकलायला शिकला होता. माल गिऱ्हाइकाकडे पोचला की मग तिकडून बोंब यायची.

या वेळची बोंब बाळंतपणाच्या दवाखान्यातून आली. खोल्यांच्या चौकटी जुन्याच ठेवून फक्त दारं नवी बसवायची होती. ताई आणि बिजागरीवाले काका टेम्पोतून दारं घेऊन गेले, पहिलं दार चौकटीला लावलं आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. चौकटीत बिजागरीच्या खाचा डाव्या हाताला होत्या आणि दारावर उजव्या. दुसरं दार लावून बघितलं, तिसरं बघितलं. सगळी तशीच.

"उलटं फिरवून बसवता येईल की," टेम्पोवाल्याने अक्कल पाजळली.

फिरवून बघितलं. वरची काचेची खिडकी गुडघ्यापाशी आली.

"रांगणाऱ्यांची छान सोय झाली," मेट्रन म्हणाल्या. "पण आमच्याकडची अजून रांगत नाहीत हो."

काकांना हसू आलं नाही. ते चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारे गृहस्थ. विसराळूपणाबद्दल त्यांची कायम थट्टा व्हायची. "मॅडम, माझंच चुकलं," ते पुटपुटले. "तुम्ही दारांवर खडूने बिजागरीच्या बाजूचे बाण करून दिले होते. मी उलटे वाचले असणार."

तेवढ्यात मालकांचा फोन आला. त्यांना मेट्रनकडून आधीच कळलं होतं. "काकांचं वय झालं आता," ते म्हणाले. "उद्यापासून घरी बसवू त्यांना. तू हो म्हण, पुढचं मी बघतो."

"तिकडे येऊन बोलते," ताई म्हणाली.

तिला आठवलं होतं. दार डाव्या हाताचं की उजव्या, हे नेहमी बाहेर उभं राहून ठरवायचं, हे तिला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. माप घ्यायच्या दिवशी मात्र पहिल्याच खोलीत एका नर्सने तिच्या हातात बाळ दिलं होतं, जरा धरा म्हणून. बाळाने तिचं बोट पकडलं. मग ताई आत उभ्याउभ्याच त्याच्याशी लाडेलाडे बोलत राहिली, दाराकडे नुसती नजर टाकून 'उजवं' म्हणून मोकळी झाली, आणि बाकीच्या खोल्या सारख्याच आहेत म्हणून तिने पुढे बघितलंही नाही. आतून उजवं ते बाहेरून डावं; बाण तिनेच चुकीचे काढले होते. काकांनी ते बरोबर वाचले होते आणि कामाच्या सवयीने बाहीने पुसूनही टाकले होते.

म्हणजे हे ठाऊक असणारी जगात ती एकटीच होती. आणि बाईला हेड केलं म्हणून मालकांना नावं ठेवायला लोक टपलेलेच होते. टेम्पोत परत येताना एकदा तिच्या मनात आलंच, की गप्प बसलं तर? तिने शेजारी बघितलं. काका खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. तिला आपल्या त्या विचाराची शिसारी आली.

कारखान्यात मालक येऊन उभेच होते. ताईने सगळ्यांना यंत्रं बंद करायला सांगितली.

"काकांनी बाणाप्रमाणे चोख काम केलंय," ती म्हणाली. "बाणच चुकीचे होते. मी बाळ हातात घेऊन खोलीच्या आत उभी होते, आणि आतूनच बाजू ठरवली. चूक माझी आहे. काकांना घरी बसवायचं असेल तर आधी मला बसवा."

हेड मिस्त्रीच्या तोंडून असलं काही ऐकायची कोणाला सवयच नव्हती. मग कोपऱ्यातून पॉलिशवालीचा आवाज आला. "काय गं ताई, इतकं गोड होतं का बाळ?"

"फारच," ताई म्हणाली.

असा हशा पिकला की मालकांनी कपाळावर आणलेल्या आठ्या त्यांना टिकवता येईनात. "हसताय काय! आता करायचं काय?"

"जुन्या खाचांत लाकूड बसवून बुजवू, दुसऱ्या कडेला नव्या पाडू, कुलपांचंही तसंच. मी लागते कामाला."

"एकटी?" म्हणत पॉलिशवाली ब्रश टाकून उठली, आणि तिच्यामागे बाकीचेही. मालकांनी कोट काढून सरस ढवळायला घेतला. तो त्यांनी आपल्या पँटवर किती सांडला, यावर पुढे बरेच दिवस करमणूक झाली.

काका छिन्नी घेऊन ताईच्या शेजारी बसले. एक नवी खाच पाडली. मग हळूच म्हणाले, "पोरी, मला वाटलं, गेलं आपलं डोकं. टेम्पोत मी घरचा पत्ता पाठ आहे का, ते म्हणून बघत होतो."

ताईला हसायचं होतं. तिला रडू आलं. काका मात्र मजेत होते, शीळ घालत खाचा पाडत होते.

दारं दवाखान्यात चोख बसली. पुढच्या आठवड्यात शाळेच्या खिडक्या गाडीत चढल्या होत्या, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, आणि पॉलिशवाली हात हलवत अंगणात धावत आली.

"थांबवा! ताई, शेवटचा हात मी दुसऱ्याच डब्यातला मारलाय. उन्हात सोलून निघेल. चूक माझी!"

ताईने दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले.

"अगं, मी चूक सांगतेय, आणि तू हसतेस काय?"

ताईला हसू आवरतच नव्हतं. त्या कारखान्यातून मालाच्या आधी चूक बाहेर पडली होती, ती आज पहिल्यांदा.