फाटकाजवळची खोली

मित्रांनो, कारभारी हम्फ्रीला माझ्याकडून काय मिळणार होतं, ते आधी सांगते. बावीस खोल्या, माशांचं तळं आणि मेंढ्यांची तीन कुरणं. माझ्यावर बोजा एकच होता, फाटकाजवळच्या खोलीत राहणाऱ्या अगाथाबाईंचा.

आज मी इंग्लंडमधली एक जुनी हवेली असले, तरी माझा जन्म मठाचा. साधूंनी दगड वाहून मला उभं केलं. चारशे वर्षं माझ्यात प्रार्थना चालली. विधवा अगाथाबाईंनी आपलं एकुलतं शेत मठाला दिलं होतं. त्याबदल्यात त्यांना मरेपर्यंत रोज एक पाव, मगभर बिअर आणि शेकोटीची खोली मिळायची होती. हा करार मठाचा कारभारी म्हणून हम्फ्रीनेच लिहिला होता, अगदी वळणदार अक्षरात.

मग मठांची संपत्ती हवी म्हणून राजाने देशभरचे मठ मोडायला काढले. मठाधिपतींनी सही केली, तनखा घेतला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. राजाचे अधिकारी आले. करार दाखवेल त्याचा हक्क राहील, अशी दवंडी पिटली गेली.

अगाथाबाई करार घेऊन निघाल्या, तर हम्फ्री आडवा आला.

"एवढ्या थंडीत रांगेत कशाला उभ्या राहता, काकू? द्या इकडे, मी तिकडेच चाललोय."

"नक्की दाखवशील ना रे? जेवणाच्या घंटेशिवाय तुझ्या काही लक्षात राहत नाही."

"तुमच्या हातचं खाऊन वाढलोय. विसरेन होय?"

अधिकारी गेले. करार हम्फ्रीच्या पेटीतच राहिला.

राजाच्या माणसांनी देवळाचं शिशाचं छप्पर उतरवलं आणि प्रार्थनेची बाकं जाळून ते वितळवलं. उरलेली मी हम्फ्रीने विकत घेतली.

"काकू, खोली रिकामी करा. इथे घोडे बांधायचेत."

"आणि माझा करार?"

"अधिकाऱ्यांनी केलेल्या हक्कदारांच्या यादीत तुमचं नावच नाही."

अगाथाबाईंनी गोधडी उचलली. "लिहिणारा तू, नेणारा तू. घोड्यांना तरी काही लिहून देऊ नकोस रे बाबा."

त्या भर पावसात निघून गेल्या. मला पाय असते तर मीही गेले असते.

आता लोक तिकीट काढून येतात आणि हम्फ्रीच्या तसबिरीपुढे थबकतात. मित्रांनो, माझे दगड जरूर जपा. पण माझ्या भरवशावर राहिलेल्या माणसांचीही आठवण जपा. राजाला शिसं मिळालं, मठाधिपतींना तनखा, हम्फ्रीला मी. या सगळ्याची किंमत अगाथाबाईंनी भरली.