थोरलीचा टाक

दोन हजार सोळा साली कोंडाबाईने मला गळ्यातून काढले. तिच्या लग्नापासून मी तिथेच होतो.

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशाने उठवलेली एक बाई. डिंभ्याच्या बहिरूची पहिली बायको साळुबाई तान्ही मुलगी मागे ठेवून वारली. बहिरूचे दुसरे लग्न ठरले, तेव्हा दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात वागवायचा या रीतीप्रमाणे जुन्नरच्या सोनाराकडून मला घडवून घेतले. सोनाराने साळुबाईला कधी पाहिले नव्हते. "बाई का बुवा?" एवढेच त्याने विचारले आणि हातोडी उचलली.

नवी बायको कोंडाबाई मला काळ्या दोऱ्यात ओवून वागवू लागली. नवे लुगडे आले की आधी मला लावायची, मग नेसायची. सणाला मला हळदीकुंकू, गोडाचा घास. साळुबाईची रत्ना तिने आपलीच म्हणून वाढवली. पोर तापाने फणफणली की मला मुठीत धरून म्हणायची, "थोरले, सांभाळ गं."

रत्ना लग्न होऊन पारगावला गेली. मग बहिरू आजारी पडला. मंचरच्या दवाखान्यात कळंबच्या वैजयंतीबाई त्याच्या उशाशी येऊन बसायच्या. त्या ख्रिस्ती होत्या. बहिरू गेल्यावर घरात कोंडाबाई आणि मी, दोघेच उरलो. ती रविवारी वैजयंतीबाईंच्या घरी प्रार्थनेला जाऊ लागली. तिथे तिच्या जिवाला बरे वाटे. शेवटी तिने बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले.

तेव्हा वैजयंतीबाईंची नजर माझ्याकडे गेली.

"कोंडाबाई, हा कुठला देव?"

"देव न्हाई वो. माझी सवत हाय."

प्रार्थनेला जमलेल्या बाया खदखदून हसल्या. "सवतीला गळ्यात घालून हिंडतीस व्हय गं!"

वैजयंतीबाई हसल्या नाहीत. "पाया पडता तिच्या?"

"पडते की. थोरली हाय ती."

मग त्यांनी हळूच सांगितले, की घडवलेल्या प्रतिमेपुढे वाकायचे नाही, अशी देवाची आज्ञा आहे. प्रतिमा देवाची असो, नाहीतर माणसाची. "मी काढा म्हणणार नाही. तुमच्या मनाला विचारा."

कोंडाबाईचे मन तिला स्वस्थ बसू देईना. एके दिवशी मला गळ्यातून काढून, सोबत घेऊन ती पारगावला रत्नाकडे गेली.

"एवढी वर्षं वागवलीस, आन् आता माझी आई नको झाली व्हय तुला?" रत्ना भडकली.

"नको न्हाई गं. पण प्रार्थनेला वाकले की ही आधी पुढं येती. मी कुणापुढं वाकले, माझं मलाच कळंना. पाण्यातबी सोडवत न्हाई. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"माहेरचं मेलेलं माणूस सासूबाई देव्हाऱ्यात ठेवू देतील?"

"देव्हाऱ्यात नकोच. पायाबी पडू नको. नुसतं बघत जा."

रत्नाने दोरा सोडवला आणि मला तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिले. "अशी व्हती ती?"

"मला काय ठावं? ती गेल्यावर मी आले."

मला बोलता आले असते, तर म्हणालो असतो, मलाही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून त्या डिंभ्याला, साळुबाईच्या मैत्रिणीकडे, अंबाबाईकडे गेल्या. म्हातारीने मला डोळ्यांजवळ धरले.

"ही कोण भवानी? आमची साळी अशी व्हय! लई दांडगी. हसाया लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी पार बांधापल्याड ऐकू जायचं. आन् रत्ने, तुझ्यावानी एक खांदा वाकडा टाकून चालायची."

रत्ना रडता रडता हसली. तिच्या खांद्याकडे पाहत कोंडाबाई म्हणाली, "अगं बया, म्हंजी मी रोजच बघत व्हते की तिला!"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत साळुबाईच्याच गोष्टी चालल्या होत्या. मी जमिनीवर पडलो होतो. निघताना रत्नाने मला आठवणीने उचलले, एवढेच.

अंबाबाई त्याच वर्षी थंडीत गेली. वैजयंतीबाई आता मुलीकडे नाशिकला असतात. कोंडाबाईने बाप्तिस्मा घेतला. एसटी आली तर रविवारी ती कळंबला, आता दुसऱ्या घरी भरणाऱ्या प्रार्थनेला जाते. पारगावला आली की लेकीशी साळुबाईबद्दल नाव घेऊन बोलते. मला पाहायला मागत नाही. मी रत्नाच्या डब्यात, बटणे आणि टाचण्यांच्या खाली, काळा पडत चाललो आहे. माझ्यावर कोणाचा राग नाही. फक्त हाक येत नाही, याची सवय अजून झाली नाही.

मित्रांनो, घरातली चांदी जपा, पुसा. पण ती विसरलात तरी ती फार तर काळी पडेल. तुमच्या गावात एखादी अंबाबाई असेल, तर तिच्याकडे मात्र आजच जा.