बासष्ट ग्रॅमची स्प्रिंग

त्या दुकानात बाईमाणूस एकटं आलं की बाकीची गिऱ्हाइकं आधी दाराकडे आणि मग एकमेकांकडे बघायची. खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्याच्या बाजूने अरुंद जिना, आणि वर गेलं की भिंतभर पारदर्शक डबे. डब्यांत कीबोर्डच्या बटणांखाली बसवायचे स्विच. लाल, तपकिरी, जांभळे, दुधी. बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच. इथे येणारे लोक मात्र एकेक स्विच दाबून, कानाशी नेऊन, पुन्हा दाबून तासन्‌तास घालवत. "माझ्याशी लग्न ठरवताना तुम्ही याच्या निम्माही वेळ घेतला नव्हता," असं ती पूर्वी नवऱ्याला ऐकवायची. तो कानाशी धरलेला स्विच खाली न घेता म्हणायचा, "तेव्हा अनुभव नव्हता गं."

आता ती एकटीच यायची. दुकानदाराला सगळे स्विचवाला म्हणत. तिला बघून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"या वहिनी. दादा कसे आहेत?"

"बरे आहेत. मागच्यापेक्षा हलक्या स्प्रिंगा द्या."

त्याने खालचा खण उघडला आणि एक लहानशी पुडी काढली. आत केसांसारख्या बारीक तारेच्या स्प्रिंगा होत्या. पुडी त्याने लगेच तिच्या हातात दिली नाही.

"या शेवटच्या बरं का. याच्याहून हलक्या कुणी बनवत नाही. स्प्रिंगला दोन कामं असतात वहिनी. बोट आलं की वाकायचं, आणि बोट उचललं की बटण परत वर आणायचं. फार हलकी केली तर वाकेल, पण बटण वर आणायचं नाव घेणार नाही."

"यांच्यावर भागेल," ती म्हणाली. भागणार नाही हे तिलाही माहीत होतं, पण दुकानात उभं राहून रडायचं कसं?

ढगळ कपडे बेतात बसवून देणं हा तिचा धंदा. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लोकांचे कोट, आणि मागच्या खोलीत नवरा. कानांवर हेडफोन चढवून तो लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकायचा आणि टाइप करून द्यायचा. भाषणं, चौकश्या, मुलाखती, काय वाटेल ते. तिच्या मशीनचा आवाज आणि त्याच्या कीबोर्डचा आवाज यांची दिवसभर जुगलबंदी चालायची. "जरा हळू बडवा, शेजारी भांडायला येतील," असं ती ओरडायची, आणि तो मुद्दाम दोन शब्द जोरात टाइप करायचा.

बोर्ड त्याने स्वतः जुळवला होता. असल्या बोर्डची धातूची पेटी बाजारात तयार मिळत नाही. जगभरचे हौशी लोक आपापली नावं नोंदवतात, पुरेशी नावं जमली की कुठलातरी कारखाना ती बनवायला घेतो, आणि मग वर्ष-दीड वर्ष वाट बघायची. एवढी वाट त्याने बघितली. पेटी आल्यावर स्विच निवडले, ते एकेक उघडून आतल्या स्प्रिंगा बदलल्या, बासष्ट ग्रॅमच्या, म्हणजे तेवढ्या वजनाने दबणाऱ्या, घातल्या. जरा जड, बोटाला जाब विचारणाऱ्या. "हलक्या स्प्रिंगेवर नुसता हात ठेवला तरी अक्षर उमटतं," तो म्हणायचा, "मला कसं, विचार करून दाबलेलं आवडतं."

मग बोटं थरथरायला लागली. नसांचा आजार निघाला. औषध नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी जे होतं ते सांगितलं. कुणाचं झपाट्याने वाढतं, कुणाचं एका जागी येऊन वर्षानुवर्षं थांबतं. आपण लक्ष ठेवायचं. त्या वेळी घरी येऊन त्याने दोन्ही हात बोर्डवर ठेवले होते. "लक्ष कशाला ठेवायचं? माझ्याकडे काटा आहे की. ही बासष्टची स्प्रिंग दबतेय तोवर मी जिथल्या तिथे आहे."

त्या वाक्याने तिची झोप उडाली. कारण ती स्प्रिंग किती दिवस दबेल, हे त्याच्या हातात पेला देणाऱ्या बायकोला डॉक्टरांपेक्षा जास्त दिसत होतं.

खरं तर पुढची वाट तिला त्याच्या पँटींनी दाखवली. दंड, मांड्या, सगळीकडचं मांस उतरत होतं आणि पँट कमरेवर राहीना. तिने एक पँट बोटभर आत घेतली, मग दुसरी. तो आरशात बघून खूश झाला. "बघ, म्हणे वजन उतरतंय! पँट तर पहिल्यासारखी बसते." तिला खरं सांगणं जिवावर आलं. आपण खोटं बोललो नाही, फक्त शिवण हलवली, अशी तिने मनाची समजूत घातली. आणि एकदा शिवण हलवता आली की माणूस काय काय हलवतं!

स्विच कसा उघडायचा ते त्यानेच तिला शिकवलं होतं. बोटं थरथरू लागल्यावर ग्रीस लावायचं काम तिच्याकडे आलं. व्यायामाच्या केंद्राची गाडी त्याला दुपारी घेऊन गेली की ती दार लावून बसायची. चिमट्याने स्विच उपटायचा, वरचं झाकण काढायचं, जुनी स्प्रिंग काढून जराशी हलकी घालायची. सुई-दोऱ्याला सरावलेल्या हातांना ते जड गेलं नाही. पहिल्या बासष्टच्या स्प्रिंगा तिने बटणांच्या डबीत, कोटांच्या सुट्या बटणांखाली लपवल्या. तिचा हिशेब साधा होता. हात जेवढा थकेल तेवढी स्प्रिंग हलकी करायची, म्हणजे दोन्हींतला फरक बोटाला कळायचाच नाही. डोळे मिटून स्प्रिंगेचं वजन सांगणारा हा माणूस, दुकानात पैज लावून जिंकणारा, त्याला फसवायचं म्हणजे खेळ नव्हता. पहिल्या दिवशी तो टाइप करायला बसला तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐकत होती. तो एवढंच म्हणाला, "ग्रीस छान लागलंय. आज बोटं हलकी वाटतायत." ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

तेव्हापासून ती दुकानाच्या खेपा घालत होती. स्विचवाल्याने पहिल्याच खेपेला ओळखलं. कुणाला सांगू नका, असं तिला म्हणावंही लागलं नाही.

वेग कमी झालाय हे नवऱ्याला कळत होतं, पण त्याचं खापर तो खुर्चीवर फोडायचा, खांद्यांवर फोडायचा. बोटं शाबूत आहेत म्हणायचा. फोनवर थोरल्या बहिणीला म्हणाला, "ताई, थांबलंय गं ते. मी नशीबवान निघालो." पलीकडे ताई रडली, आनंदाने. आणि एक दिवस त्याने हसत हसत बायकोला सांगितलं, की नव्या बोर्डसाठी नाव देऊन टाकलंय. पितळेचा तळ असलेला. दीड वर्षाने येईल.

दीड वर्ष! तिने हातातल्या कोटाची शिवण चुकवली.

शेवटच्या पुडीतल्या स्प्रिंगा बसवल्या. थोडे दिवस निभावलं. मग त्या बारीक तारासुद्धा त्याच्या बोटाला दाद देईनाशा झाल्या. तिने स्विचवाल्याचं बोलणं आठवून न आठवल्यासारखं केलं, नवऱ्याच्याच हत्यारांच्या पेटीतली छोटी पक्कड घेतली आणि दुपारभर बसून प्रत्येक स्प्रिंगेचा एकेक वेढा कापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून हाक आली. "अगं, लवकर ये!"

ती धावली. पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळी पसरलं होतं. कककककक. बटण खाली गेलं होतं आणि वर आलंच नव्हतं. पण नवरा हसत होता. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"बघितलंस? स्प्रिंगा मेल्या! बटण उचलायचीसुद्धा ताकद नाही उरली त्यांच्यात. आणि मी इतके दिवस मनातल्या मनात घाबरत होतो, म्हटलं माझीच बोटं... मी नाही गं, बोर्ड दमलाय!" त्याने कोपराने तिला आपल्याकडे ओढलं. "तुला बोललो नव्हतो. पण घाबरलो होतो."

तिने ते खाली गेलेलं बटण नखाने वर उचललं.

"जा, आजच जा. स्विचवाल्याकडून बासष्टच्या नव्या घेऊन ये. मग बघ कसा बडवतो."

ती गेली. तिने सगळं सांगितल्यावर स्विचवाल्याने बासष्टची पुडी काढली, काउंटरवर ठेवली, आणि पुडीवर हात ठेवून उभा राहिला.

"वहिनी, आता सांगून टाका."

"तुम्ही सांगाल? फोनवर?"

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "दादांच्या जुन्या स्प्रिंगा ठेवल्यात ना?"

"ठेवल्यात."

"मग या कशाला नेता?"

ती रिकाम्या हाताने घरी आली. नवरा बोर्डसमोरच बसला होता, लहान मुलासारखा. "आणल्यास? आधी एकच बसव. इथे." त्याने नजरेने मधल्या ओळीतलं बटण दाखवलं, ज्यावर बोटाला जागा कळावी म्हणून बारीकसा उंचवटा असतो. तिने पुढच्या खोलीत जाऊन डबी उपडी केली, बटणांच्या ढिगातून एक स्प्रिंग उचलली, येऊन त्याच्यासमोर स्विच उघडला आणि ती बसवली.

त्याने बोट ठेवलं आणि दाबलं. बटण हललं नाही.

"नीट बसली नाहीये. परत घाल."

तिने काढून परत घातली. त्याने दाबलं. मनगट वाकलं, खांदा पुढे आला, कपाळावर घाम आला. बटण होतं तिथेच.

"नवी स्प्रिंग खराब दिसतेय. पुडीतली दुसरी घाल."

"नवी नाही ती," ती म्हणाली. "तुमचीच आहे. पहिली. मी काढून ठेवली होती."

बटणावरचं बोट त्याने काढलं नाही.

"कधी काढलीस?"

"थंडी संपता संपता."

"मग त्यात काय होतं?"

"हलकी. मग त्याहून हलकी." तिने डोळे पुसले. "शेवटच्या मी कापल्या होत्या."

त्याने मान हलवली, जणू कुणीतरी साधा हिशेब समजावून सांगितला होता. मग खाली स्वतःच्या कमरेकडे बघितलं.

"आणि पँटी?"

तिने त्याच्या कमरेवरची शिवण बोटाने दाखवली.

"माझा काटा होता गं तो," तो म्हणाला. रागावून म्हणाला असता तर तिला सोसलं असतं. "ताईला काय सांगू आता?"

ती त्याच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. त्याचा दुसरा हात उचलून तिच्या डोक्यावर येईपर्यंत बराच वेळ गेला. आला तेव्हा त्याला अजिबात वजन नव्हतं. पुढच्या खोलीत एक गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं.

"तो नवा बोर्ड," शेवटी तो म्हणाला. "पितळेचा. माझं नाव काढून तुझं घाल."

"मला काय करायचाय तो?"

"मी सांगेन ते टाइप करायचं. तोंड आहे तोवर सांगेन. स्प्रिंगा बासष्टच्याच घाल, तुझी बोटं दणकट आहेत." मग म्हणाला, "आत्ता एकदा ऐकव. किती दिवस झाले, खरा आवाज ऐकला नाही."

ती उठली. त्याचं बोट अजून त्या उंचवट्यावरच होतं. तिने त्यावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. बटण खाली गेलं, तळाला आपटलं, आणि त्या जुन्या जड स्प्रिंगेने दोघांची बोटं एकदम वर उचलली. तो ओळखीचा, शेजाऱ्यांना ऐकू जाणारा आवाज खोलीत घुमला.

त्याने डोळे मिटले होते.

"पुन्हा," तो म्हणाला.