टॉवेलच्या सुतानं मोजलेला चिमटा

“हे कुणालाच खरं वाटणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो,” इलाहीबक्षचाचा म्हणाले आणि स्टुलावर चढून छताला टांगलेला चिमटा त्यांनी असा अलगद उतरवला, जणू पाळण्यातलं झोपलेलं लेकरू उचलतायत. “या चिमट्यानं अक्कलकोटच्या सिद्धप्पाला ट्रकवरनं उडवलं होतं. ट्रकवरनं, बेटी! बाजूनं न्हाई.”

धम्मप्रिया हसली, पण तिची नजर चिमट्यावरून हलेना. सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं, तो चिमटा. हा तर शॉकअपवाला, पायांत स्प्रिंग असलेला. काळा, चकचकीत, लांबलचक. तिच्या जुन्या माउंटन सायकलचा शॉकअप तेल ओकून गार पडला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर ती त्याच सायकलनं जायची आणि हल्ली रस्त्यातला एकेक खड्डा थेट मनगटात येऊन बसायचा. सायकल मूळची भावाची, सुमितची. “इतक्या जुन्या सायकलला आता कोण पार्ट देतंय?” तो म्हणाला होता. “रविवारपर्यंत बघ, न्हाईतर भंगारात घालतो.” आणि सुमित बोलला की करतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून सुट्टी टाकून ती नवी पेठेमागच्या या बोळात, चाचांच्या जुन्या सायकल-पार्टच्या दुकानात आली होती.

“माप आणलंस का?” चाचांनी विचारलं.

तिनं पर्समधून सुताचा तुकडा काढला. वडील जन्मभर मागावर. त्यामुळे घरात खिडकीचा पडदा असो की पायातली चप्पल, माप सुतावरच घ्यायचं. जुन्या चिमट्याचा दांडा, म्हणजे फ्रेमच्या नळीतून वर हँडलपर्यंत जाणारा पाइप, त्याला तिनं एक वेढा दिला होता आणि बरोबर तिथं गाठ मारली होती.

चाचांनी ते सूत काळ्या चिमट्याच्या दांड्याला बुडाशी गुंडाळलं, दात आवळून ओढलं आणि टोक गाठीला भिडवून दाखवलं. “बस! अल्लानं तुझ्यासाठीच घडवलाय.”

“टॉवेलचं सूत हाय ते,” चहा घेऊन आलेल्या कमरबीचाची म्हणाल्या. “वढलं तर माझ्या कंबरंलाबी बसंल.”

धम्मप्रियानं कपाळाला हात लावला. टॉवेलच्या अंगावरची मऊ वेटोळी ज्या सुताची, त्याला पीळ कमी. ओढाल तितकं लांबतं. दिवसभर तेच सूत हाताखालून जातं आणि मापाला तेच आणलं! चहा तसाच ठेवून ती उठली.

“कुठं निघालीस? सिद्धप्पा अजून उडायचाय!”

“उडू दे त्याला, चाचा. मी आलेच.”

आली ती रिक्षातून, मांडीवर अख्खा जुना चिमटा घेऊन. दोन्ही चिमटे वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी आडवे केले आणि ती उकिडवी बसून न्याहाळू लागली. जुना दांडा वरपासून खालपर्यंत एकसारखा. काळ्याचा मात्र वर बारीक आणि खाली येता येता घागरीच्या बुडासारखा फुगलेला.

“चाचा, हे जाड बूड माझ्या फ्रेमच्या नळीत जाणार कसं?”

“सिद्धप्पाची हीच पंचाईत,” चाचा मांडी ठोकून बसले. “त्याची सायकल तर तुझ्या सायकलीची आजी शोभंल. त्यानं काय केलं, फ्रेम नेऊन गच्चीवर ठेवली. सोलापूरचं ऊन! नळी फुगली, चिमटा आत घातला, फ्रेम सावलीत आणली. गच्च! आता हत्ती लावला तरी निघायचा न्हाई.”

“आणि हा चार बोटं उंच हाय. सायकल पुढनं उचलली न्हाई जात?”

“जाती की! घोड्यावर बसल्यागत बसायचा. चढाला मागं कलंडायचा म्हणून हँडलला बटाट्याची पिशवी बांधायचा. घरी पोचला की त्याचीच भाजी.”

धम्मप्रियाला हसू आवरेना. पण हसता हसता तिला मनातून वाटतही होतं, की यातलं निम्मं तरी खरं असावं. काळा चिमटा बसला तर सायकल आजच वाचली. ती उगाच त्याचे पाय दाबून बघत राहिली. तेवढ्यात तिला बाकड्याखाली आणखी काहीतरी दिसलं. धुळीनं माखलेला, करड्या रंगाचा, बुटका चिमटा. तिनं तो ओढून घेतला.

“ते राहू दे,” चाचा घाईघाईनं म्हणाले. “ते जुनाट. त्याला गिऱ्हाईक कधीबी मिळतंय.”

“आन या काळ्याला मिळंना,” कमरबीचाची म्हणाल्या. “कवापासनं लटकतोय. जाता-येता माझ्या कपाळाला लागतोय.”

चाचांनी बायकोकडं असं बघितलं, जणू तिनं चहात मीठच घातलंय. धम्मप्रियानं करडा चिमटा मध्ये ठेवला. उंचीला जुन्याच्या बरोबरीचा. दांडा सरळ, एकसारखा, थोडा लांब.

“लांब हाय, बघ,” चाचांनी लगेच पकडलं.

“लांब असला तर कापता येतोय. आखूड असता तर काय केलं असतं? लोखंड हाय, सूत न्हाई.”

आता चाचांनी सिद्धप्पाला थेट रस्त्यावर काढलं. “तर वळसंगच्या अलीकडं खड्डा. खड्डा कसला, आत म्हैस बसलेली! चाक आत गेलं. चिमटा दबला, दबला, हँडल गुडघ्याला टेकलं, आणि सुटला! सायकलसकट सिद्धप्पा वर. खालनं चादरींचा ट्रक चाललेला. त्यानं वरनंच क्लीनरकडं काडेपेटी मागितली, बिडी पेटवली, परत दिली आणि पलीकडं उतरला. उतरतो तर समोर शेळ्यांचा कळप! दाबला पुढचा ब्रेक.”

“पुढचा?” धम्मप्रियाचं बोट चिमट्याच्या पायांवरून फिरत होतं. “माझ्यासारखा? रिमला दोन्हीकडनं रबर धरणारा?”

“तोच की! दुसरा कुठला? रबर असं चावलं रिमला, की धूर निघाला. वळसंगची माणसं घराबाहेर आली, काय जळतंय म्हणून. आणि सायकल थांबली कुठं? पहिल्या शेळीच्या मिशीला टेकून!”

तिचं बोट जुन्या चिमट्यावर थांबलं. दोन्ही पायांवर, ब्रेकचे हात अडकवायच्या खुंट्या. करड्यावरही त्याच जागी. काळ्यावर तिनं वरपासून खालपर्यंत हात फिरवला, उलटा करून परत फिरवला. दोन्ही पाय नुसते गुळगुळीत. मग करडा चिमटा काखेत मारून ती उभी राहिली आणि बोळातली माणसं वळून बघतील अशा आवाजात म्हणाली,

“चाचा, थापा! याला ब्रेकच्या खुंट्याच न्हाईत. तुमच्या सिद्धप्पानं ब्रेक लावला कशाला, चपलंला?”